एका घरच्या दोन वह्या

मुंबईहून रात्रीं निघालेल्या कोंकणकन्या गाडीनें सकाळीं मला कणकवलीच्या फलाटावर उतरविलें, तेव्हां वैशाख संपत आला होता. माझ्याबरोबर उतरलेल्या मंडळींत पिकल्या केसांचे लोक पुष्कळ होते. आणि मुंबईकडच्या गाडीची वाट पाहत उभे होते ते बहुतेक विशीच्या आंतबाहेरचे मुलगे. प्रत्येकाजवळ एक नवी बॅग आणि तोंड बांधलेली आंब्याची पेटी. त्या वेळीं मला त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. कोंकणांतला मुलगा मुंबईस जावयाचाच, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पुढें चार दिवस मालवण तालुक्यांत राहून परत निघालों, तेव्हां मात्र तोच फलाट मला निराळा दिसला. तें कां, एवढेंच वाचकांस सांगावयाचें आहे.

आचऱ्याच्या बाजूस एका खेड्यांत माझी आत्या असते. वय ब्याऐंशी, पण घरांतल्या पेजेच्या तांदळापासून बागेंतल्या शेवटच्या फणसापर्यंत सर्व हिशेब तिच्या तोंडीं. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, आंबा-काजूची बाग पाहतो. त्याची मुलगी यंदा बारावीच्या परीक्षेंत उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाली. "तूं ये. पोरीचें पुढें काय करावें तें चौघांनीं बसून ठरवूं," असा आत्याचा फोन आला. मी आयुष्यभर बँकेंत जमाखर्च पाहिलेला माणूस. शिक्षणांतलें मला काय कळणार? पण आत्याच्या बोलावण्यास नाहीं म्हणण्याची आमच्या घरीं रीत नाहीं.

कणकवलीहून आचऱ्याकडे जाणारा रस्ता प्रथम जांभ्या दगडाच्या माळांतून आणि काजूच्या बागांतून जातो, आणि समुद्र जवळ येऊं लागला कीं माडांच्या राईंत शिरतो. वाटेंत कुलुपें लावलेलीं घरें दिसलीं. अंगण झाडलेलें, तुळशीला पाणी घातलेलें, पण दाराला कुलूप. शेजारचें कोणी तरी संध्याकाळीं दिवा लावून जात असावें. हींच घरें गणपतीच्या दिवसांत माणसांनीं फुलून जातात.

आचऱ्यास 'गांवपळण' म्हणून एक जुनी चाल आहे. कांहीं वर्षांनीं एकदां रामेश्वराचा कौल घेऊन सारा गांव, गुरें-कोंबड्यांसह, वेशीबाहेर झोंपड्या बांधून राहतो. तीन दिवस आणि तीन रात्रीं गांवांत चिटपांखरूं नसतें. मग पुन्हां कौल घेऊन मंडळी घरीं परततात. आत्या म्हणाली, "ती गांवपळण बरी रे. तींत परत यावयाचें ठरलेलें असतें. ही दुसरी पळण चालली आहे, तिला कौल कोणाचा?"

तिचें म्हणणें खानेसुमारीच्या आंकड्यांशीं जुळतें. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं ८,६८,८२५ होती. २०११ सालीं ती ८,४९,६५१ भरली. सबंध महाराष्ट्र वाढत असतांना हा जिल्हा दहा वर्षांत एकोणीस हजारांनीं घटला. त्याच मोजणींत दर हजार पुरुषांमागें १,०३६ स्त्रिया आढळल्या. पुरुष कोठें गेले, हें फलाटावर उभें राहिलें म्हणजे कळतें.

आणि तरी शिक्षणांत हा प्रांत मागें आहे असें कोणास म्हणतां येणार नाहीं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठीं स्थापन झालेल्या कोंकण मंडळाचा निकाल २०१२ पासून राज्यांत पुढें राहिला आहे. २०२५ सालीं या मंडळाचा बारावीचा निकाल शेंकडा ९६.७४ आणि दहावीचा शेंकडा ९८.८२ लागला, दोन्ही राज्यांत पहिले. म्हणजे मुलें शिकतात, मन लावून शिकतात, आणि शिकलीं कीं निघून जातात.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर पडवींत बैठक बसली. मुलगी दाराशीं उभी होती. मीं विचारलें, "अग, तुला स्वतःला काय करावेंसें वाटतें?"

"काका, मला पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी. करावयाचें आहे."

"मग अडतें कोठें?"

उत्तर आतेभावानें दिलें. किनाऱ्यावरील ज्या महाविद्यालयांत ती जाऊं इच्छीत होती, तेथें चौकशी केली तेव्हां कळलें कीं पदार्थविज्ञानाला पुरेशीं नांवें येतील कीं नाहीं याची शंका आहे. न आलीं तर वर्ग चालणार नाहीं. वाणिज्य शाखा आहे, ती घ्या, असा सल्ला मिळाला. त्या संस्थेचें नांव मी येथें देत नाहीं. सल्ला देणारे गृहस्थ सौजन्यानेंच बोलले होते, आणि दोष त्यांचा नव्हता हें मला पुढें कळलें.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मुंबईस ठेवावयाची म्हणजे वसतिगृह आलें, खाणें आलें. आंब्याचें एक वर्ष बरें जातें, दोन फुकट जातात. शिवाय धाकटा अजून शाळेंत आहे."

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "संस्कृत असतें तर मीं घरीं कोणाकडून तरी शिकविलें असतें. प्रयोगशाळा घरीं कोठून आणूं?"

त्या प्रश्नाला त्या रात्रीं कोणाजवळच उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मुलीला घेऊन मालवणास गेलों. पावसाळ्यासाठीं किल्ल्याच्या होड्या बंद होण्यास थोडेच दिवस उरले होते. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर या सिंधुदुर्गाचें काम सुरू केलें. चारी बाजूंस खारें पाणी, आणि आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. लहानपणीं मला हा देवाचा चमत्कार म्हणून सांगितला होता. मुलगी विहिरीच्या कठड्यावर ओणवून म्हणाली, "काका, पावसाचें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असतें. बेटाच्या पोटांत मुरून तें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, असें पुस्तकांत आहे. पण या खडकांत तसेंच होतें कीं दुसरें कांहीं, हें मोजून पाहिलें पाहिजे." मी तिच्याकडे पाहतच राहिलों. मोजून पाहिलें पाहिजे, असें जिला सतराव्या वर्षीं वाटतें, तिला केवळ वर्ग भरत नाहीं म्हणून हिशेबाच्या वह्या शिकावयास बसवावयाचें!

परततांना होडीवाल्यानें आमचें बोलणें ऐकलें असावें. तो म्हणाला, "माझा चेडू पण दहावीक असा. शिकतला तितक्या शिकवतलंय. पण मुंबयक धाडूक माका परवडाचा नाय. हय कॉलेज बंद पडला तर ता घराकच रवतला." मुलग्यांना मुंबई आहे, गोवा आहे, आतां तारकर्लीस पर्यटकांची कामें आहेत. जवळचा वर्ग बंद झाला म्हणजे शिक्षण खरोखर थांबतें तें मुलींचें, हें त्या माणसानें एका वाक्यांत सांगितलें.

बंदरावरून बाजाराकडे चालतांना मला दुसऱ्याच एका मालवणकराची आठवण झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ सालीं याच मालवणांत झाला. त्यांचें पुढील शिक्षण रत्नागिरीस आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत झालें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्याचे पहिले बी. ए. १८६२ सालीं बाहेर पडले, ते किती? चौघे. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार विद्यार्थ्यांसाठीं विद्यापीठ चालविणें परवडत नाहीं, असें त्या सालीं कोणी म्हटलें असतें, तर हिशेब चूक ठरला नसता. पण त्या चौघांतला हा मालवणचा मुलगा पुढें १८९३ मध्यें त्याच विद्यापीठाचा कुलगुरु झाला.

पैशाची ओढाताणही त्या विद्यापीठाला नवी नाहीं. १८६४ सालीं प्रेमचंद रायचंद यांनीं ग्रंथालयासाठीं दोन लाख आणि मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षीं कापसाचा बाजार कोसळला आणि दात्याचें स्वतःचेंच दिवाळें निघालें. तरी दान बुडालें नाहीं. राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला.

त्या संध्याकाळीं आचऱ्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलों. चहा झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही बँकेंतले, तुम्हांला हें चक्र लवकर कळेल. अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांचा पगार सरकार देतें. जागा किती, हें तासांवर ठरतें; तास किती, हें तुकड्यांवर; आणि तुकड्या विद्यार्थ्यांवर. विद्यार्थी घटले कीं तुकडी मोडते, तुकडी मोडली कीं तास घटतात, तास घटले कीं जागा जादा ठरते. शिक्षक निवृत्त झाला तर त्याची जागा भरावयास परवानगी हवी, आणि ती येतां येतां वर्षें जातात. तोंवर तासिका तत्त्वावर एखादा तरुण येतो. जितके तास शिकवील तितके पैसे, सुटींत कांहीं नाहीं. दुसरें काम मिळतांच तो जातो, आणि त्याला दोष कोण देईल? मग पालक म्हणतात, तेथें शिकवावयास कोणी नाहीं. आणखी दोन मुलें मुंबईची गाडी धरतात, आणि चक्र पुन्हां पहिल्यापासून."

"नवीं महाविद्यालयें निघतात ना?"

"निघतात. पण २००१ पासून नव्यांना परवानगी मिळते ती कायम विनाअनुदानित म्हणून. त्यांचा सारा भार विद्यार्थ्यांच्या शुल्कावर. मग ज्या विषयाला गर्दी, तोच विषय. पदार्थविज्ञानाला यंत्रें लागतात, रसायनें लागतात, गर्दी नसते."

"आणि विद्यापीठ?"

"विद्यापीठ परीक्षा घेतें, संलग्नता देतें, त्या शुल्कांवर त्याचा मोठा आधार. विद्यार्थी कमी झाले कीं तेंही आटतें. १९७१ पासून त्याचा दूरशिक्षणाचा विभाग आहे; नोकरी करून शिकणाऱ्यांना त्याचा उपयोग मोठा. पण विहिरीचें पाणी मोजावयास टपालानें शिकतां येत नाहीं."

मीं थोडा वेळ विचार करून विचारलें, "येथून जाणारीं मुलें प्रवेश घेतात कोठें?"

"कांहीं कोल्हापुरास, कांहीं गोव्यांत. पण पुष्कळशीं मुंबई, ठाणें, पनवेल या बाजूस."

"तेथील महाविद्यालयें कोणत्या विद्यापीठाचीं?"

ते हंसले. "बहुतेक त्याच. मुंबई विद्यापीठाचीं."

वाचकहो, आयुष्यभराची संवय जात नाहीं. मला एकदम आमची बँक आठवली. एका शाखेंतली ठेव काढून ग्राहकानें दुसऱ्या शाखेंत ठेवली, तर बँकेची ठेव घटली असें आम्ही म्हणत नसूं. मुंबई विद्यापीठाचें क्षेत्र सिंधुदुर्गापासून पालघरापर्यंत सात जिल्ह्यांचें आहे. आचऱ्याचा मुलगा दादरच्या महाविद्यालयांत नांव घालतो, तेव्हां सिंधुदुर्गाच्या वहींत एक वजा पडतो आणि मुंबईच्या वहींत एक जमा होतो. घर एकच, वह्या मात्र दोन. आणि काटकसरीचा निर्णय घेतांना फक्त वजेची वही उघडली जाते.

सारी घट अशी नाहीं, हें मला मान्य आहे. मुलेंच कमी जन्माला येत आहेत. गांवोगांवच्या प्राथमिक शाळांचे पट तेंच सांगतात. दोन विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र शिक्षक आणि स्वतंत्र प्रयोगशाळा प्रत्येक गांवीं कोणतेंही सरकार देऊं शकणार नाहीं. प्रश्न कात्री लावावी कीं न लावावी, हा नाहींच. ती कोठें लावावी, हा आहे.

जगांत इतरत्रही हा प्रसंग आला आहे. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया हें डोंगराळ, कोळशाच्या खाणींचें राज्य. तेथेंही तरुण बाहेर जातात. २०१० ते २०२० या दहा वर्षांत त्याची लोकसंख्या सुमारें एकोणसाठ हजारांनीं घटली. तेथील सरकारी विद्यापीठांत विद्यार्थी कमी झाले, सुमारें साडेचार कोटी डॉलरांची तूट आली, आणि २०२३ सालीं विद्यापीठानें २८ अभ्यासक्रम आणि शिक्षकांच्या १४३ जागा रद्द केल्या. परकीय भाषांचा विभाग जवळजवळ नाहींसा झाला. ज्या राज्यांतून मुलें आधींच बाहेर जात होतीं, तेथें बाहेर जाण्यास आणखी एक कारण मिळालें.

जपानांत शिकोकु बेटावर कोचि नांवाचा प्रांत आहे. तोही आपल्या कोंकणासारखा डोंगर आणि समुद्र यांच्यामध्यें बसलेला, आणि तोही घटत चाललेला. तेथील तंत्रविद्यापीठ १९९७ सालीं खासगी म्हणून निघालें. पुढें विद्यार्थी कमी पडूं लागले, तेव्हां बंद करण्याऐवजीं प्रांतानें २००९ सालीं तें आपल्या अंगावर घेऊन सार्वजनिक केलें. शुल्क उतरलें आणि अर्ज पुन्हां वाढले. तेथें तोट्याची शाखा म्हणून दार लावून न घेतां दार रुंद केलें. यांत खर्च नव्हता असें नाहीं. पण तो खर्च कशासाठीं, हें आधीं ठरविलें होतें.

आपल्याच किनाऱ्यावरही एक उदाहरण आहे. वेंगुर्ल्याचें फळ संशोधन केंद्र १९५७ पासून चालूं आहे, आणि आज तें दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा भाग आहे. येतांना पाहिलेल्या माळांवर जीं काजूचीं कलमें लागलीं आहेत, त्यांत 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' या त्याच केंद्राच्या जाती. आतेभावाच्या बागेंतही त्याच आहेत. त्या केंद्रांत वर्षाला किती विद्यार्थी शिकले, एवढ्यावर त्याची किंमत केली असती तर काय उरलें असतें?

कोंकणासाठीं स्वतंत्र विद्यापीठ असावें अशी मागणी जुनी आहे. रात्रीं पडवींत तो विषय निघाला तेव्हां आतेभाऊ तिच्या बाजूनें बोलला. मुंबईच्या पसाऱ्यांत आमच्याकडे पाहतो कोण, हें त्याचें म्हणणें खोटें नाहीं. पण आत्या म्हणाली, "वाटणी करावयास हरकत नाहीं. पण वाटणी करतांना धाकट्याच्या वांट्यास नुसता खडक आला, तर तो त्यावर काय पिकवील? आधीं घर एकत्र आहे तोंवर त्याच्या ताटांत वाढा म्हणावें."

मला वाटतें, या प्रश्नाचें मर्म तिनेंच नेमकें सांगितलें. एकत्र कुटुंबांत ओढीचें वर्ष आलें म्हणजे शहाणी गृहिणी प्रथम सणावाराचा थाट कमी करते. दुभत्या गाईचा चारा किंवा मुलीची शाळा तोडीत नाहीं. आणि जो घरांत सर्वांत कमी बोलतो, त्याच्याच ताटांतला घांस कमी झाला तर नाहीं ना, हें ती पाहते. विद्यापीठाच्या घरांत किनाऱ्यावरचें लहान महाविद्यालय हें असें कमी बोलणारें मूल आहे. त्याच्या वतीनें बोलणारे मतदार मुंबईस नोकरीला गेलेले असतात.

करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि सारेंच खर्चाचें नाहीं. शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांनीं एक विषय मिळून चालवावा. शिक्षक फिरता ठेवावा, प्रयोगशाळा एके ठिकाणीं चांगली करावी, आणि आठवड्यांतून ठराविक दिवस मुलांना तेथें नेण्याची गाडी द्यावी. आतां सिंधुदुर्गांत विद्यापीठाचा उपपरिसरही आहे. ही जुळणी त्यानें करावी. किमान संख्या मोजावयाची ती एका इमारतीची न मोजतां सबंध तालुक्याची किंवा जिल्ह्याची मोजावी. आणि मुंबईच्या वहींत कोंकणचीं म्हणून जीं नांवें जमा होतात, त्यांच्या शुल्कांतला थोडा अंश किनाऱ्यावरच्या वहींत वळता करावा. बँकेंत याला आम्ही उपकार म्हणत नसूं. शाखांमधील हिशेब म्हणत असूं.

आमच्या घरचा निर्णय चौथ्या दिवशीं झाला. प्राध्यापकांनीं चार ठिकाणीं विचारपूस केली. दूरच्या एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञानाचा वर्ग निश्चित चालणार, असें कळलें. जाण्यास एस. टी.नें दीड तास, येण्यास दीड तास. वहिनींनीं पहाटे उठून डबा करावयाचें कबूल केलें. बाकीचा खर्च आत्यानें आणि मीं वांटून घ्यावा असें ठरलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. आंत जाऊन एस. टी.चें वेळापत्रक घेऊन आली आणि दिव्याखालीं बसून वेळा वहींत उतरूं लागली.

आमच्या घरीं हें जमलें. बाग आहे, आत्या आहे, शहरांत असलेला एक पेन्शनर काका आहे. होडीवाल्याच्या मुलीसाठीं दीड तासांच्या एस. टी.चें भाडें कोण देणार, आणि काळोख पडल्यावर थांब्यावर कोण उभें राहणार, हा प्रश्न मी बरोबर घेऊन निघालों.

कणकवलीच्या फलाटावर पुन्हां तीच गर्दी होती. गाडी आली तशीं मुलें आपल्या पेट्या उचलून चढलीं. मी खिडकीशीं बसून त्यांची मोजदाद करूं लागलों, पण दुसऱ्या डब्यापाशीं आंकडा चुकला. त्यांतला प्रत्येक जण कोठल्या ना कोठल्या वहींत उद्यां जमा होणार होता. मागें राहिलेल्या वहींत त्याच्या नांवापुढें काय लिहावयाचें, हें ठरविणारा मात्र त्या फलाटावर कोणी नव्हता.